तीन गोळ्यांची मार्ला

मार्लानं जॅकेटच्या खिशातून दोन काडतुसं काढली आणि टेबलावर शेजारी-शेजारी उभी केली. एक जाडजूड, लांब. दुसरं त्याच्यापुढं अगदीच कोवळं. खडीच्या खाणीत वारं होतं, तरी दोन्ही तशीच उभी राहिली.

"व्हर्नानं दुकानातून नमुन्याला दिलीत, आतून रिकामी आहेत," ती वडिलांना म्हणाली. "तिचं म्हणणं, आपल्या नोरासारख्या नवशिक्या पोरीला ही लहानच बरी. टू-फोर्टी-थ्री. हरणाला पुरते आणि खांद्याला झेपते. या मोठ्या थर्टी-ऑट-सिक्सनं पोरांना सुरुवात करून देणारा माणूस एक तर मूर्ख असतो, नाहीतर ते पोर परत बंदुकीकडं यायला नको असतं त्याला."

आर्वो कोस्की हसला. अठ्ठ्याहत्तरीतला माणूस, पण बंदूक पुसताना अजून हात कापत नव्हता. समोर आडवी ठेवली होती ती त्याची जुनी थर्टी-ऑट-सिक्सच. दस्त्याच्या टोकाला रबर नाही, नुसती पोलादी पट्टी. या एका बंदुकीनं कोस्कींच्या घरात इतकी हरणं आणली होती, की तिच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढत नसे.

"व्हर्नाला बंदुका विकायच्यात," तो म्हणाला. "ती दुसरं काय सांगणार? तू आणि ड्वेन दोघं हिच्यावरच शिकलात."

"ड्वेन शिकला. मी कुठं शिकले?"

"मग त्यात बंदुकीचा काय दोष?"

हे मात्र खरं होतं. निदान एकतीस वर्षं मार्ला ते खरंच मानत आली होती. चौदाची असताना याच खाणीत, याच टेबलाशी तिनं तीन गोळ्या झाडल्या. पहिलीला दात एकमेकांवर आपटले, दुसरीला डोळ्यांपुढं काजवे चमकले, आणि तिसरीच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे गच्च मिटले. गोळी समोरच्या कागदालाच काय, मागच्या मातीच्या ढिगाऱ्यालाही लागली नाही. खांदा पंधरा दिवस काळानिळा होता. तिच्यानंतर ड्वेन बसला, तिच्याहून दोन वर्षांनी लहान भाऊ, काडीपैलवान. त्यानं दहा गोळ्या झाडल्या आणि वर म्हणाला, अजून आहेत का?

त्या नोव्हेंबरला ड्वेन हरणांच्या शिकारीला, जंगलातल्या कॅम्पवर गेला आणि मार्ला घरी राहिली. पुढं कायमचीच राहिली.

"आणि ऐक," आर्वो आवाज उतरवून म्हणाला, "नोरासाठी मी हलकी भरलीत. आपल्या हातानं. दारू कमी घातली की धक्का निम्मा होतो. पोरीला कळणारसुद्धा नाही."

हिरव्या प्लास्टिकच्या डबीवर त्यानं दोन बोटं टेकवली. काडतुसं तो कधी विकत आणत नसे. तळघरात बसून एकेक दाणा मोजून दारू भरायची, हा त्याचा सगळा हिवाळा.

मार्लाला बरं वाटलं. तोंडावर दाखवलं नाही, पण बरं वाटलं. तिच्या लेकीनं, नोरानं, यंदा हट्टच धरला होता, पंधरा नोव्हेंबरला मी कॅम्पवर जाणार म्हणजे जाणार. पोरीचं आपल्यासारखं होऊ नये, एवढ्या एकाच धास्तीनं मार्लाची आठवडाभर झोप उडाली होती.

"आमच्या वेळी नव्हती का अशी हलकी भरलीत?" तिनं सहज विचारलं.

"तेव्हा कुठली गं? तेव्हा सगळ्यांना एकच."

एवढ्यात ड्वेन नोराला घेऊन उतारानं खाली आला. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, पण चाल अजून शाळेतल्या खेळाडूची.

"काय तीनगोळी," तो लांबूनच ओरडला, "आज तूपण मारणार का एखादी? की डोळे मिटून नुसते आशीर्वाद?"

हे तिचं माहेरचं नाव. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात, लग्नात, आईच्या मयतालासुद्धा कुणीतरी ते काढलं होतं. मार्ला नेहमी हसायची. न हसून सांगते कुणाला?

"मामा, पुरे हं," नोरा म्हणाली. चौदाची पोर, पण उंची मामाच्या बरोबरीला आलेली. "आजोबा, कागद कुठं लावू?"

"त्या खांबाला. पण थांब, आवाज अडवायचे कानांचे मफ तीनच आणलेत. मार्ला, तळघरात भरायच्या टेबलाखाली कपाट आहे बघ, त्यात असतील. माझे गुडघे आता जिना नको म्हणतात."

खाण घराच्या मागच्या अंगालाच होती. मार्ला गेली. तळघरात तेलाचा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा वास होता. आर्वो जन्मात काही टाकत नसे. वाकड्या खिळ्यांची बरणी, तुटलेल्या कड्यांची बरणी, कसल्याच नसलेल्या वस्तूंचीही एक बरणी. कपाटात मफ सापडले. ते ओढताना मागून दोन डब्या निसटून पुढं आल्या. लाल, उन्हाशिवायच विटलेल्या.

झाकणावर पट्टी, पट्टीवर वडिलांचं अक्षर. एकीवर 'ड्वेन'. दुसरीवर 'मार्ला'.

तिला आधी गहिवरून आलं, हे सांगायला हवं. एवढी वर्षं जपून ठेवली माझी डबी, असंच तिच्या मनात आलं. तिनं आपली उघडली. सतरा काडतुसं टोकं खाली करून बसलेली, आणि कोपऱ्यात तीन झाडलेली पितळी नळकांडी, उलटी घालून ठेवलेली. झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी. काडतुसं भरणारा माणूस एक वेळ बायकोचा वाढदिवस विसरेल, पण चिठ्ठी घालायला विसरत नाही. कुठल्या डबीत किती दारू, हा जिवाशी खेळ असतो. तारीख, आणि खाली दारूचं वजन: छपन्न ग्रेन. पूर्ण.

मग तिनं ड्वेनची उघडली. तारीख तीच. छत्तीस ग्रेन. हलकी.

ती पायरीवर बसली. दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या, काही चुकतंय का म्हणून. चुकत नव्हतं. त्या दिवशी ती रडली होती, आणि रडत रडत वडिलांना 'सॉरी' म्हणाली होती. त्यांनी डोक्यावरून हात फिरवून म्हटलं होतं, असू दे बाळा, सगळ्यांच्यात तो दम नसतो. ते वाक्य तिनं उराशी धरून ठेवलं. नर्सिंगचं दुसरं वर्ष अवघड जायला लागलं तेव्हा आईला तिनं तेच सांगितलं होतं, माझ्यात दम नाही गं, मला चौदाव्या वर्षीच कळलंय. आणि नर्सिंग सोडलं.

मफ गळ्यात अडकवून आणि दोन्ही डब्या खिशात घालून ती खाणीत परतली. नोरा पन्नास पावलांवर खांबाशी कागद लावत होती. वाऱ्यानं तो तिच्या तोंडावर उडत होता. मार्ला टेबलाशी आली आणि तिनं नोराच्या हिरव्या डबीचं झाकण उघडलं.

छपन्न ग्रेन. पूर्ण. शाई ताजी होती.

तिनं खिशातल्या लाल डब्या शेजारी ठेवल्या. आर्वोनं पाहिलं. ड्वेननंही पाहिलं, आणि मग तो बुटानं खडी सारायला लागला.

"कुठं मिळाल्या?" आर्वोनं विचारलं.

"मफच्या मागं."

"टाकायला हव्या होत्या."

"बाबा."

"हळू बोल, पोरगी येईल." त्यानं फडक्यानं हात पुसले, स्वच्छच होते तरी. "कॅम्पवर खाटा चार, मार्ला. मी, तुझा काका, त्याचा मुलगा रॉय. राहिली एक. ड्वेनला घरी ठेवलं असतं तर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. आणि तुझ्या आईला सोबतीला कुणीतरी हवंच होतं."

"मग तसं सांगायचं होतंत."

"तू जन्मभर मनात धरलं असतंस. म्हटलं, तिचं तिनंच सोडलेलं बरं. कुणावर राग नको, कुणाला बोल नको."

साप मरावा आणि काठीही मोडू नये, हे आर्वोला साऱ्या गावात सगळ्यांत चांगलं जमायचं. शेजाऱ्यांशी बांधाची भांडणं त्यानं अशीच मिटवली होती. लोक त्याला शहाणा म्हणत.

"मी तुमची माफी मागितली होती," मार्ला म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "खांदा असा सुजलेला आणि मी तुमची माफी मागत होते. तुम्ही डोक्यावरून हात फिरवलात."

"वाईट वाटलं होतं मला."

"आणि नोरा? नोरालाही तेच?"

आर्वोनं खांबाकडं पाहिलं. नोरा आता कागदाचा चौथा कोपरा दाबत होती.

"या वर्षीपासून ड्वेनची दोन्ही पोरं येतायत," तो म्हणाला. "खाटा अजून चारच आहेत."

हे तो अगदी सरळ, समजावणीच्या सुरात म्हणाला. सांगण्यासारखं काही उरलं नाही, असं त्याला वाटत असावं. दर चौदा नोव्हेंबरला मार्ला पहाटे उठून मांस-बटाट्याच्या चोवीस पेस्टी भाजायची, फडक्यात गुंडाळायची आणि या चार खाटांसाठी ड्वेनच्या गाडीत नेऊन ठेवायची. आई गेल्यापासून एक वर्ष चुकलं नव्हतं.

ती भावाकडं वळली.

"तुला माहीत होतं?"

"तेव्हा नाही," ड्वेन खडीकडं बघत म्हणाला. "देवाशपथ, तेव्हा नाही. मी काडतुसं भरायला शिकलो तेव्हा कळलं. सतरा-अठराचा असेन."

"म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षं झाली."

"असेल."

"आणि तरी तीनगोळी?"

ड्वेननं टोपी मागं सारली, पुन्हा पुढं ओढली.

"तोंडाला सवय झाली होती गं," तो म्हणाला.

वडिलांचं तिनं कदाचित कधीतरी गिळलं असतं. म्हातारा माणूस, जुना काळ, चार खाटा. पण याचं कसं गिळायचं? प्रत्येक जेवणाला हा तिच्या शेजारी बसून, सगळं माहीत असून, तिच्याच पाठीवर थाप मारून हसायचा. आणि तीही हसायची.

खडीवर पावलं वाजली. नोरा धावत आली, नाक वाऱ्यानं लाल झालेलं.

"लागला एकदाचा! करायची सुरुवात?"

"बस," मार्ला म्हणाली. तिनं हिरवी डबी मिटून आपल्या जॅकेटच्या आतल्या खिशात टाकली. ड्वेनची लाल डबी उघडली, एक काडतूस काढलं, नीट पुसलं आणि लेकीच्या तळहातावर ठेवलं.

"एकतीस वर्षांची आहेत ती," ड्वेन पुटपुटला. "उडतील की नाही कोण जाणे."

"बाबांनी भरलीत. कोरड्यात राहिलीत. उडतील."

मार्लानं लेकीचा खांदा दस्त्याला जुळवून दिला, कोपर टेबलावर टेकवलं, केसांची बट मफखालून बाहेर काढली. मग सगळ्यांनी कान झाकले. मार्ला नोराच्या मागं उभी राहिली आणि तिचा स्वतःचा उजवा खांदा आपोआप आखडला. एकतीस वर्षं झाली तरी तो ऐकत नव्हता.

बार झाला. बंदूक जराशी उचलल्यासारखी झाली, बस्स. दारात कुणी घाईनं जाताना खांदा लागावा, इतकंच. समोर कागदाच्या मध्याच्या वर, चार बोटांवर, भोक पडलेलं.

नोरानं आजोबांनी शिकवल्याप्रमाणे खटका मागं ओढून रिकामं नळकांडं बाहेर काढलं, बंदूक उघडी टेबलावर ठेवली, मफ गळ्यात ओढले आणि वळली. तोंडभर हसू.

"एवढंच?"

सगळ्यांनी मफ उतरवले होते.

"आई, याला घाबरलीस तू? याला?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि थोडी मायाही. "ही तर काहीच करत नाही गं."

मार्लानं दुसरी लाल डबी पुढं ओढली, आपल्या नावाची. झाकण उघडलं आणि चिठ्ठी वर येईल अशी ती वडिलांच्या समोर ठेवली. कोपऱ्यातली तीन पितळी नळकांडी उन्हात पिवळी दिसत होती.

"बाबा," ती म्हणाली, "तिला तुम्ही सांगा."

नोरा आईकडं, मग आजोबांकडं बघायला लागली.

आर्वोनं डबीकडं पाहिलं. मग गळ्यातले मफ दोन्ही हातांनी उचलले आणि नीट, दाबून, कानांवर चढवले. बंदूक टेबलावर रिकामी, उघडी पडली होती.