छपरावरची काच आणि चार तासांचा नेम

“पाणी नितळ दिसलं तरी झडप उघडायची नाही हं. चार तास म्हणजे चार तास!” मला बसवून देणाऱ्या रसायनवाल्या बाई शिडी उतरता उतरता बजावून गेल्या होत्या.

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. कापड रंगवणाऱ्या एका घराच्या छपरावर मला उतरती बसवली आहे. माझ्या अंगावर पांढऱ्या भुकटीचा लेप आहे. ऊन पडले की तो जागा होतो आणि अंगावरून वाहणाऱ्या रंगकामाच्या सांडपाण्यातला रंग तोडू लागतो. पंप तेच पाणी खालच्या टाकीतून पुन्हा पुन्हा वर आणतो.

सुरुवातीला नेम पाळला गेला. मग कामे वाढली. जांभळे पाणी दीड तासातच नितळ होई आणि घरची रंगारीण झडप उघडे. ते पाणी खाली तिच्या नणंदेच्या रोपांना जाई.

“वहिनी, आरशासारखं गं पाणी!” नणंद म्हणे. मी उन्हात चमकत ते कौतुक ऐकून घेई. पाण्याची सफाई अपुरी आहे, हे मला ठाऊक होते.

एका आठवड्यात सगळी रोपे करपली. वर्षाची मेहनत गेली. “माझ्याच हाताला गुण नाही,” म्हणत ती रिकाम्या वाफ्यांपाशी बसून राहिली. रंगारीण गप्प होती. मीही. तेव्हापासून चमकायची मला लाज वाटते.

रसायनवाल्या बाई पुन्हा आल्या आणि त्यांनी पाणी तपासले. “किती तास फिरवता?”

“रंग गेला की... सोडते,” रंगारीण खाली मान घालून म्हणाली.

“रंग आधी तुटतो, बाई. त्याचे तुकडे मागं राहतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, मुळांना कळतात.”

त्याच संध्याकाळी रंगारणीने नणंदेला सारे सांगितले.

“म्हणजे मी उगाच माझ्या हाताला दोष दिला!” नणंद डोळे पुसत म्हणाली. “वहिनी, पुन्हा पेरू मी?”

“पेर. चार तासांआधी थेंब सोडणार नाही.”

मित्रांनो, माझ्यासारखीला पुसत राहा, शेवाळ धरू देऊ नका. पण माझ्या नितळपणावर भुलू नका.

आज दीड तासात पाणी नितळ झाले. खालून रंगारणीच्या नवऱ्याची हाक आली, “अगं, दुसरी टाकी भरलीय. सोड की!”

रंगारणीने घड्याळ पाहिले. पदर डोक्यावर ओढला, आणि झडपेकडे पाठ करून ती ओल्या फडक्याने माझी कड पुसू लागली.