फ्रँक ओब्लाकशी वाद

“या वर्षी पहिल्या निवडीत आपण किकर घ्यायला हवा,” खुर्ची पलंगाजवळ ओढत व्हर्नन प्रुइट म्हणाला. “मी नीट विचार केलाय. बाकीचं नंतर बघता येईल.”

उशीला टेकून बसलेल्या फ्रँक ओब्लाकने त्याच्याकडे रोखून पाहिलं. अमेरिकन फुटबॉलमध्ये किकर म्हणजे सामन्यात चार-पाच वेळा मैदानात येऊन चेंडूला लाथ मारून जाणारा गडी. कॉलेजातून नवे खेळाडू निवडायची संधी वर्षातून एकदाच येते, आणि जो संघ जास्त हरलेला त्याला आधी निवडायचा मान. त्यामुळे त्यांच्या क्लीव्हलँडच्या संघाच्या वाट्याला हा मान बऱ्याचदा यायचा. तो किकरवर घालवणं म्हणजे लग्नाच्या बाजाराला जाऊन नुसतं मीठ घेऊन येणं.

फ्रँकचे ओठ हलले. डाव्या हाताची मूठ पांघरुणावर दोनदा आपटली.

“ना... नाही,” तो म्हणाला. मग बराच वेळ तोंडातल्या तोंडात काहीतरी शोधत राहिला आणि शेवटी ते सापडलं. “येडा.”

व्हर्ननने बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने खाली वाकून चेहरा लपवला. ‘येडा’ हा त्या आठवड्यातला नवा शब्द होता.

व्हर्नन चौतीस वर्षं टपालखात्यात होता. त्यातली बावीस वर्षं फ्रँकची गल्ली त्याच्या वाटणीत होती. पहिल्याच वर्षी, एका मे महिन्यात, पत्रं पेटीत टाकताना त्याला ओट्यावरच्या रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकू आला होता. आपला चेंडू टाकणारा पिचर दमलाय, त्याला काढायला हवं, असं तो जाता जाता सहज बोलून गेला. रात्रपाळी करून आलेला, बनियनवर बसलेला एक रुंद खांद्यांचा माणूस म्हणाला, “तुम्ही पत्रं टाका. पिचरचं आम्ही बघतो.” तिथून सुरुवात झाली. रोज दोन मिनिटं, पायरीवर उभ्या उभ्या. उन्हाळ्यात बेसबॉल, हिवाळ्यात फुटबॉल, आणि एप्रिलमध्ये दोन्ही: या हंगामात बेसबॉलचा संघ किती सामने जिंकणार, आणि फुटबॉलवाले कोणाला निवडणार. व्हर्ननचं म्हणणं, लांब फेकणारा चांगला क्वार्टरबॅक आणा, बाकीचे आपोआप खेळतात. फ्रँकचं म्हणणं, आधी पुढच्या फळीतले धिप्पाड गडी आणा. भिंतच नसेल तर फेकणारा झोपून फेकणार का? तो स्क्रूच्या कारखान्यात यंत्रावर होता. पायाआधी कळस ही गोष्टच त्याला मान्य नव्हती.

एवढ्या वर्षांत दोघं एकमेकांच्या घरात फारसे गेले नाहीत. फ्रँकची बायको मिल्का नाताळात व्हर्ननच्या हातात अक्रोडाचा रोल ठेवायची. ती गेली तेव्हा व्हर्नन चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला होता. दुसऱ्या दिवशी पत्रं द्यायला गेला तेव्हा त्याने नुसती टोपी काढली. फ्रँकच म्हणाला, “तो तुझा नवा क्वार्टरबॅक काल पाच वेळा आडवा झाला.” व्हर्नन त्या दिवशी दोन मिनिटांऐवजी पाऊण तास थांबला. निवृत्तीनंतर दर शनिवारी सकाळी दोघं डोनटच्या दुकानात भेटायचे आणि अकरा वाजेपर्यंत भांडायचे.

फेब्रुवारीत फ्रँकला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. म्हणजे तोंडून एक शब्द यायचा, पण तो एकच. ‘मंगळवार.’ पाणी हवं असलं तरी मंगळवार, दुखलं तरी मंगळवार. टूसानहून धावत आलेल्या आपल्या मुलीला पाहून तो रडला, तेव्हाही तिच्या गालावर हात फिरवत तेच म्हणत राहिला. पुनर्वसन केंद्रात टेरेसा नावाची एक तरुण बाई त्याला बोलायला शिकवायला येई. ती चमच्याचं चित्र दाखवी, झाडाचं दाखवी. फ्रँक चित्राकडे बघायचा, मग खिडकीकडे. तीन आठवड्यांनी त्याने चित्रांकडे बघायचंही सोडलं.

व्हर्नन पहिल्यांदा भेटायला गेला तो टोपी हातात घेऊन. समोरचा माणूस उत्तर देत नसेल तर वाद घालायचा कसा? घाबरून तो भराभर काहीबाही बोलत सुटला. तळ्याकाठचं जुनं स्टेडियम, तिथला बोचरा वारा, त्यांच्या तरुणपणीचा पिचर हॅलोरन. “काय डावखुरा होता,” व्हर्नन म्हणाला.

“उजवा,” फ्रँक म्हणाला.

कोपऱ्यात कागद चाळणारी टेरेसा थांबली. फ्रँक स्वतःही दचकला होता. त्याने डावा हात उचलून, चेंडू पकडल्यासारखी बोटं करून, पांगळ्या उजव्या खांद्यावर ठेवला. “उजवा,” तो पुन्हा म्हणाला, आणि व्हर्ननकडे अशा तुच्छतेने पाहिलं की व्हर्ननला फार बरं वाटलं.

जाताना टेरेसाने त्याला दारापाशी गाठलं. “मिस्टर प्रुइट, तुम्ही उद्या याल का?”

“मी चुकलो होतो हो,” व्हर्नन ओशाळून म्हणाला. “हॅलोरन उजव्या हातानेच टाकायचा.”

“तेच म्हणतेय मी,” ती म्हणाली. “उद्याही चुका.”

मग व्हर्नन रोज जाऊ लागला. घरी नाश्त्याच्या टेबलावर वर्तमानपत्राची क्रीडापानं पसरून तो जुन्या लिफाफ्यांच्या पाठीवर चुकीची विधानं लिहून काढायचा. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. अगदीच अचाट काही सांगितलं तर फ्रँक नुसता डोळे मिटायचा. चूक अशी हवी, की तिच्यावर गप्प बसणं अशक्य व्हावं. ‘बेसबॉलमध्ये बचाव महत्त्वाचा नसतो.’ ‘आपल्या या संघाचे सत्तर विजयही व्हायचे नाहीत.’ त्याची बायको अर्लीन चष्म्यावरून बघत म्हणाली, “तीस वर्षं त्या माणसापुढे बरोबर ठरायला धडपडलास. आता चूक ठरायचा अभ्यास करतोयस.”

“हे जास्त अवघड आहे,” व्हर्नन म्हणाला.

“माझ्याशी तर न अभ्यास करता जमतं.”

मार्च संपेपर्यंत फ्रँककडे साठेक शब्द जमले. बेसबॉलच्या वाटेने आलेले शब्द मग इतरत्रही फिरू लागले. ‘बाहेर’ हा शब्द मैदानाबाहेर गेलेल्या चेंडूसाठी आला आणि दोन दिवसांनी बागेत जायचं म्हणून वापरला गेला. टेरेसा खूश होती. फ्रँकची मुलगी जोनी तर एका दुपारी व्हर्ननला मिठी मारून रडली. आणि डोळे पुसत तिने सांगितलं, की आता बाबांना टूसानला न्यायचं पक्कं केलंय. दुखलं तर सांगता आलं, नाव आणि घर सांगता आलं, की डॉक्टर प्रवासाला परवानगी देणार आहेत. इथलं घर विकायला काढलंय. “हे सगळं तुमच्यामुळे, मिस्टर प्रुइट,” ती म्हणाली.

व्हर्नन म्हणाला, छान झालं. मोटारीपर्यंत चालत गेला आणि किल्ली फिरवायची विसरून बराच वेळ तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी तो गेला नाही. परसातल्या कुंपणाला रंग द्यायचा राहिला होता, तो काढला. तिसऱ्या दिवशीही कुंपणच. अर्लीन खिडकीतून बघत होती. जेवायला बसल्यावर तिने विचारलं, आणि त्याने खालमानेने सगळं सांगितलं. तो एक-एक शब्द फ्रँकच्या हातावर ठेवत होता, आणि ते शब्दच फ्रँकला दोन हजार मैल लांब नेणार होते. “म्हातारपणी नवा माणूस कुठून आणायचा?” तो म्हणाला. “तुझ्याशी मी पुढच्या फळीवर बोलू का?”

अर्लीनने त्याच्या ताटात आणखी बटाटे वाढले. “मी उगाच काही बोलत नाही,” ती म्हणाली. “पण तो तिथे दाराकडे बघत बसला असेल, आणि पोस्टमन का आला नाही हे विचारायला त्याच्याकडे शब्द नाही.”

व्हर्नन जेवण अर्धं टाकून उठला. कपड्यांवर पांढरा रंग तसाच होता. फ्रँक खरोखरच दाराकडे तोंड करून चाकाच्या खुर्चीत बसला होता. त्याने व्हर्ननला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“रंग,” तो म्हणाला. मग, “कुठे?”

“कुंपण,” व्हर्नन म्हणाला. “बघ फ्रँक, मी काय म्हणतो, तिसऱ्या बेसवर ठेंगणा माणूसच चांगला.”

एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची ती निवड, होती. टेरेसाने केंद्रातल्या मोठ्या खोलीतला टीव्ही दोघांसाठी मागून घेतला. प्रश्नमंजूषा बघणाऱ्या तीन आजीबाई कुरकुरत, पण कुतूहलाने, मागेच बसून राहिल्या. क्लीव्हलँडची पाळी सातवी होती. पहिल्या सहांत व्हर्ननचा क्वार्टरबॅक गेला नव्हता, फ्रँकचा सव्वातीनशे पौंडांचा मोहराही उरला होता. दोघं पुढे सरकून बसले. मग व्यासपीठावरच्या माणसाने चिठ्ठी उघडली आणि मागच्या बचावातल्या, दोघांनीही कधी नाव न ऐकलेल्या एका गड्याचं नाव वाचलं.

मग फ्रँक, एक-एक शब्द विटेसारखा रचत, म्हणाला, “आपल्याला... कोण... विचारतंय.”

ते त्याचं फेब्रुवारीनंतरचं पहिलं पुरं वाक्य होतं. आजीबाईंपैकी एक खुदकन हसली. व्हर्ननलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. जोनीने सकाळीच तिकिटांची तारीख सांगितली होती, सोळा मे. त्याला आता चुकीचं काही सुचेना.

“तुझंच खरं होतं फ्रँक,” तो म्हणाला. “पुढची फळी आधी. इतकी वर्षं तुझंच बरोबर होतं, आणि मला ते माहीत होतं.”

फ्रँकने टीव्हीवरून नजर काढली. तो व्हर्ननकडे वळला.

“किकर,” तो म्हणाला. “मुद्दाम.”

फ्रँकने त्याच्याकडे बोट रोखलं.

“चुकीचं. मुद्दाम. मा... माझ्यासाठी.”

“तुला कधी कळलं?”

फ्रँकने डाव्या हाताची दोन बोटं वर केली. “दुसऱ्या... दिवशी.” मग त्याच्या तोंडाचा चालणारा अर्धा भाग हळूहळू वर गेला. “पहिल्या दिवशी... खरंच... येडा होतास.”

व्हर्नन हसला आणि हसता हसता त्याला बाहीने डोळे पुसावे लागले. फ्रँकने त्याचा हात धरला नाही; तसं त्यांनी कधी केलं नव्हतं. तो फक्त पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, “थांबू नको. बोल.” आठव्या संघाची निवड येत होती. व्हर्ननने नाक ओढलं आणि बोलायला लागला.

सोळा तारखेला सकाळी जोनीने बापाला मोटारीत बसवलं. व्हर्नन आणि अर्लीन फुटपाथवर उभे होते. अर्लीनने प्रवासासाठी सँडविचेस करून आणली होती. बेसबॉलचा हंगाम सुरू होऊन सात आठवडे झाले होते. खिडकीची काच खाली आली.

“नव्वद,” फ्रँक म्हणाला.

“सत्तर,” व्हर्नन म्हणाला.

मोटार वळणावर दिसेनाशी होईपर्यंत अर्लीनने नवऱ्याच्या कोपराला धरून ठेवलं.

फोनवर फ्रँकला बोलणं फार जड जाई. समोर चेहरा नसला की शब्द त्याला सापडत नसत. पहिले दोन-तीन फोन तर नुसत्या श्वासांचेच झाले, आणि व्हर्नन एकटाच बोलून घामाघूम झाला. मग जून महिन्यात जोनीने युक्ती काढली. सामना असला की संध्याकाळी ती फोन लावून बापाजवळच्या टेबलावर ठेवून द्यायची. इकडे व्हर्नन स्वयंपाकघरात बारीक आवाजातल्या रेडिओपासून जरा दूर फोन ठेवायचा. कोणी काही बोलायलाच हवं असं नाही. मधूनच तिकडून ‘छ्या’ ऐकू यायचं. मधूनच इकडून खुर्ची करकरायची.

एक गोष्ट मात्र व्हर्ननच्या पहिल्याच दिवशी ध्यानात आली होती. टूसानला सामना इंटरनेटवरून दिसायचा आणि तो अर्धा मिनिट उशिरा पोचायचा. इथे रेडिओवर जे घडून गेलं, ते तिथे फ्रँकच्या पडद्यावर अजून घडायचं असायचं.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी शेवटच्या डावात क्लीव्हलँड दोन धावांनी मागे होतं, दोन गडी बेसवर होते, दोन बाद; एक उंच टोला मैदानाबाहेर गेला की तीन धावा आणि सामना आपला. अर्लीन भांडी विसळत होती. चेंडू बॅटवर बसल्याचा आवाज झाला आणि रेडिओवरच्या माणसाचा स्वर चढत, चढत गेला. अर्लीनने आनंदाने तोंड उघडलं. व्हर्नन खुर्चीतून अर्धा उठला होता. त्याने एक बोट ओठांवर ठेवलं, दुसऱ्या हाताने रेडिओ बंद केला आणि फोनवर वाकला.

अर्लीनने नळ बंद केला. स्वयंपाकघर शांत झालं. फोनमधून दूरच्या त्या घरातल्या पडद्यावरच्या गर्दीचा बारीक कलकलाट येत होता, आणि फ्रँकचा श्वास. तिथे अजून पिचर पुढच्या चेंडूसाठी सरसावत होता. टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून, श्वास रोखून, व्हर्नन वाट बघत उभा राहिला.