दसऱ्याला बंद झालेली दारं

मी एका जुन्या गाडीचं सेंट्रल लॉक बोलतोय, मित्रांनो. चारही दारं एका इशाऱ्यावर लावायची आणि उघडायची, एवढंच माझं काम. मी नवा होतो तेव्हा माझा ‘खट्’ आवाज ऐकून दुसरबीडच्या तुळशीरामची छाती फुगायची. आता मात्र या माणसाने माझं डोकं उठवलंय!

ड्रायव्हरच्या दारातली माझी वायर घासून उघडी पडली आणि मी भलत्याच वेळी बंद होऊ लागलो. तुळशीरामचा मुलगा अविनाश म्हणाला, “बाबा, बुलढाण्याले दीपकभाऊ मेकॅनिककडे नेऊ.”

“काऊन? मोबाईलवर सारं दाखवून राह्यले!” म्हणत तुळशीरामने बॅटरी चालू ठेवूनच दाराचं आवरण उचकटलं आणि वायरीला चिकटपट्टी गुंडाळली. वर मागच्या दारांचं चाइल्ड लॉकही लावून ठेवलं. म्हणजे मागे बसणाऱ्याने आतून कितीही कडी ओढली, तरी दार उघडणार नाही. घरात लहान पोर नाही, पण लावलं!

दसऱ्याला त्याने पाइपने दाराच्या फटीफटीत पाणी मारलं. किल्लीला हळदकुंकू वाहून ती पुढच्या सीटवर ठेवली. पहिला मान आईचा, म्हणून सत्यभामाबाईंना मागे बसवलं आणि फोटोसाठी सगळी दारं लावली. ओल्या वायरी भिडल्या आणि मी खट्कन बंद!

काचा वर, ऊन रणरणतं आणि सत्यभामाबाईंना दमा. बाहेर एकच गिल्ला झाला.

“बटन दाब!”

“कडी ओढ!”

“किल्ली घे वं माय!”

अरे, एकाने तरी धड सांगा! सत्यभामाबाईंनी शेजारच्या दारावरची लॉकची खुंटी वर ओढली असती, तर कुलूप सुटून बाहेरून दार उघडलं असतं. पण माझं कोण ऐकतंय? त्या बिचाऱ्या काचेवर हात आपटत होत्या आणि मला रडू येत होतं.

शेवटी अविनाशने पूजेचा नारळ उचलून पुढच्या दाराची काच फोडली आणि आत हात घालून मागची खुंटी वर ओढली. त्या धापा टाकत बाहेर आल्या. शिव्या मात्र मला!

मग मला बुलढाण्याला नेलं. दीपकने आधी किल्ली खिशात टाकली, उरलेल्या काचा खाली घेतल्या, बॅटरीची तार सोडली, मगच दाराला हात लावला. वायर बदलून, चाइल्ड लॉक काढून तो म्हणाला, “तुळशीरामभाऊ, गाडीत कोन बसते ते पाहून सेटिंग लावत जा.”

मित्रांनो, आमची दुरुस्ती जाणत्याकडूनच करा आणि आतून दार कसं उघडतं, ते घरातल्या प्रत्येकाला शिकवा. मी आता ठणठणीत आहे. पण काल दवाखान्यात जायचं होतं, तर सत्यभामाबाई दार लावूच देईनात.

“उघडंच राहू दे रे बापा,” त्या म्हणाल्या, “मी धरून बसते.”