बाहेरची धार

"धार ज्याच्या हातात, कारखाना त्याच्या हातात. ध्यान असू दे, शशी."

आप्पांचा हा आवाज शशिधरच्या कानात तीस वर्षं मुक्कामाला होता. तेव्हा तो बारा वर्षांचा, शाळा सुटल्यावर उद्यमनगरातल्या त्यांच्या कारखान्यात दप्तर टेकवून बसलेला. वडील शिवपुत्र तोंडातलं पान एका गालात सरकवून, ग्राइंडरवर वाकलेल्या अमीनकडं हनुवटी करून हळूच बोलले होते. अमीननं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. चाकावरनं ठिणग्यांची फुलं झडत होती आणि तो त्यांच्याकडं लेकराच्या तोंडाकडं बघावं तसा बघत होता.

आप्पा गेले. कारखाना शशिधरकडं आला, आणि कारखान्याबरोबर अमीनचाचाही आले. वय त्रेसष्ट, रोज सकाळी कोडोलीहून एस्टीनं येणार, पायरीला हात लावून आत शिरणार. काम तसं साधंच. पंपाची बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कास्टिंगं यायची, त्यांना भोकं पाडून द्यायची. भोकं पाडून पाडून ड्रिल बोथट व्हायचं आणि चाचा त्याला चाकावर धरून पुन्हा धार लावायचे. माप नाही, साचा नाही. मनगट जरासं वळवायचं, उजेडाकडं धरून एक डोळा मिटायचा, झालं.

माघात पुतण्याच्या लग्नाला म्हणून चाचा आठ दिवस रजेवर गेले. चौथ्या दिवशी कारखान्यात धारेचं एक ड्रिल उरलं नाही. तीन मशिनी गप उभ्या. शशिधर खुर्चीत बसून होता आणि कानात आप्पांचं तेच वाक्य घरघरत होतं. एका म्हाताऱ्याच्या मनगटावर आपलं सगळं टांगलंय, आणि हे त्या म्हाताऱ्याला चांगलंच ठाऊक असणार. आठ दिवस त्यानं मुद्दाम तर काढले नसतील? ही शंका मनात आली तेव्हा त्याला स्वतःचीच थोडी लाज वाटली. पण आलेली शंका पाहुण्यासारखी. ये म्हणायला लागत नाही आणि जा म्हणता येत नाही.

चाचा परतले त्या दिवशी चहाच्या वेळी त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "आता धार बाहेरनं. एमआयडीसीत कॉम्प्युटरवर लावून देत्यात, केसाचाबी फरक न्हाय. ग्राइंडर बंद. चाचा कास्टिंगला कानस मारतील, बसून काम हाय, आराम पडंल."

"आराम," चाचा म्हणाले आणि बशीतला चहा फुंकत बसले.

"चाचा, तुमचं प्रमोशन झालं की," ड्रिलवरची संयोगिता म्हणाली. मुरगूडची बाई, तिशीतली, जिभेला धार लावायला तिला कुणी लागत नव्हतं. "आता पेढे द्या, न्हायतर कानस द्या, चावून बघतो."

बाहेरनं पहिला डबा आला. पंचवीस ड्रिलं, तेल लावून, कागदात गुंडाळून, नवरीसारखी नटलेली. दुसऱ्या दिवसापासनं काम असं सुरू झालं की शशिधरचा जीव भांड्यात पडला. ड्रिल चांगलं चाललं की संयोगिता गुणगुणायची, जात्यावर बसल्यागत. मशिनीतनं बीडाचा काळा भुगा पडत राहायचा आणि ती म्हणत राहायची,

"बीडाचं दळण बाई, काळं काळं पडं पीठ,
लेकीच्या शाळंची गं पायवाट होऊ दे नीट."

शशिधर शेजारच्या चार कारखान्यांत सांगून आला. "बाहेरची धार लावून बघा. माणसावर विसंबून बसायचे दिवस गेले."

मग एका मंगळवारी, सोमवारच्या सुट्टीनंतर, तो बंद ग्राइंडरजवळनं जाताना थबकला. चाकाखाली पाण्याचा डबा असायचा, तापलेलं ड्रिल त्यात बुडवायला. तो डबा दोन महिने कोरडा असायला हवा होता. त्यात पाणी होतं, आणि पाण्याच्या तळाशी ताजा करडा गाळ.

त्यानं खिशातला खडू काढून ग्राइंडरच्या बटनावर एक बारीक ठिपका दिला. दोन दिवसांनी ठिपका पुसलेला.

मग त्याला सगळंच दिसायला लागलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर कडुनिंबाखाली बसतात, चाचा तेवढे आत. कानशीचं काम करणाऱ्याची बोटं तांबूस होतात, चाचांची करडी. संध्याकाळी पिशवी जड की हलकी, हेसुद्धा तो काचेतनं बघू लागला. बाहेरची कामं आणून आपल्या चाकावर करतोय म्हातारा. आपली वीज, आपलं चाक, आणि भरतंय याचं घर. घरी जेवताना भाकरी मोडता मोडता हात थांबायचा, तशी आई विचारायची, "आंबट लागतंय व्हय?" तो म्हणायचा, "न्हाय गं, आवा. गोडच हाय."

पण पिशवीत कधी काही सापडलं नाही. सापडली ती गाठ.

बाहेरनं येणारा डबा सुतळीनं बांधलेला असायचा, वर साधी निरगाठ. पाचवा डबा संध्याकाळी आला तसाच त्यानं कोपऱ्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर गाठ होती, पण सुरगाठ. ओढली की सुटणारी. एस्टीनं येणारी माणसं डब्याला बांधतात तशी.

म्हणजे बाहेरचं काम नाही. म्हातारा बाहेरनं आलेल्या ड्रिलांना हात लावतोय. आज ना उद्या ती मोडतील, माल बाद होईल, आणि सगळे म्हणतील, चाचांची धार ती चाचांची धार. पुण्याच्या गिऱ्हाईकाची सहाशे कास्टिंगं शनिवारी जायची होती. ती वेळेत गेली नाहीत तर पुढची ऑर्डर दुसरीकडं जाणार, हे तिकडनं स्पष्ट सांगून झालं होतं. घाव घालायला याहून बरी वेळ ती कोणती?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो आवाज न करता आत आला. चाचा ग्राइंडरवर वाकलेले. हातात बाहेरचं ड्रिल.

"काय चाललंय, चाचा?"

चाक फिरत राहिलं. चाचांनी ड्रिल पाण्यात बुडवलं, ते चुरचुरलं. मग बटन बंद केलं.

"काय न्हाय."

"काय न्हाय म्हंजी? हे मी पैसे देऊन धार लावून आणतोय, आणि तुमी त्याच्यावर काय करताय?"

चाचांनी ड्रिल फडक्यानं पुसलं, कागदात गुंडाळलं, डब्यात ठेवलं. जणू कुणाचं अंथरूण नीट करून ठेवावं.

"उद्यापासनं ह्या चाकाला हात लावायचा न्हाय," शशिधर म्हणाला. त्यानं ग्राइंडरच्या बटनाच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली.

"बरं, मालक," चाचा म्हणाले. शशिधर पाळण्यात होता तेव्हापासनं ते त्याला शशी म्हणत. मालक हा शब्द पहिल्यांदाच ऐकला, आणि तो खड्यासारखा लागला.

सहावा डबा आणायला शशिधर स्वतः गाडी घेऊन गेला. रात्री डबा राजारामपुरीतल्या घरी, उशाजवळच्या कपाटात. सकाळी स्वतःच्या हातानं सुतळी कापली, स्वतः ड्रिलं संयोगिताच्या हाताशी मांडली. "ही बघ, कुणाचा वाराबी लागलेला न्हाय."

दहाव्या-बाराव्या भोकालाच मशीन किंचाळली. संयोगिताचं गुणगुणणं मधेच तुटलं.

"साहेब, हिकडं या. ऐका हे. ओलं लाकूड चुलीत घातल्यागत करतंय."

ड्रिल काढलं तर टोक शाबूत, पण दोन्ही कोपरे जळून निळे-काळे. दुसरं लावलं, तेच. तिसरं तर बीडात अडकून मोडलं आणि कास्टिंग बाद झालं. शशिधरनं चौथं ड्रिल उचललं आणि सवयीनं मान वळवून चाचांकडं बघितलं. चाचा लांब कोपऱ्यात बसून कानस मारत होते. त्यांचा हात लागलेला नव्हता. कुणाचाच लागलेला नव्हता. शंकेला आज टेकायला भिंत उरली नव्हती.

"आधीची चालली ती," संयोगिता म्हणाली, "आणि हीच का माती खात्यात?"

शशिधरनं ड्रॉवर उघडला, किल्ली घेतली, जळलेलं ड्रिल घेतलं आणि चाचांसमोर जाऊन उकिडवा बसला. मालक असा खाली बसलेला कुणी बघितला नव्हता.

"चाचा, आधीच्या पाच डब्यांना तुमी काय केलंत?"

"कोपरं मारून दिली." चाचांनी ड्रिल हातात घेतलं, अंगठ्यानं जळका कोपरा चाचपला. "त्यांची मशीन झकास हाय. पोलादाला लागती तशी धार देत्यात. डब्यासंगं धाडलेली तुझी चिठ्ठी वाचलीया मी. 'ड्रिल, पंचवीस नग, धार लावणे.' कापायचं काय, त्ये कुठं लिवलंस? त्यास्नी काय सपान पडणार हाय? आपलं बीड. वरच्या कातडीत वाळू बसलेली. कोपऱ्याची कड जरा उतरती केली न्हाय तर तिथनंच जळतंय."

"मग मला सांगायचं न्हाय? पहिल्याच दिवशी?"

कानस थांबली. संयोगिताची मशीनही बंद होती, त्यामुळं सगळ्यांना ऐकू जाणार हे चाचांना कळत होतं. त्यांनी आवाज खाली केला नाही.

"सांगायलाच आलतो. पयल्या डब्यातलं एक ड्रिल सांजच्याला मीच लावून बघितलं, जळलं; त्ये घिऊन तुझ्या केबिनच्या दारापतूर आलतो. तू काचंतनं बघितलंस. तोंडाकडं न्हाय, हातातल्या त्या ड्रिलाकडं. मला तिथंच कळलं, हे मी मुद्दाम जाळलंय असं तुला वाटणार. म्हटलं, धार बाहेरची, पर बिघडली तर नाव अमीनचंच. म्हणून माघारी फिरलो आणि गपचिप कोपरं मारत बसलो. तुझं बरं व्हावं म्हणून न्हाय केलं, शशी. तुला भिऊन केलं."