एका टेबलावर दोन घड्याळे

मनोऱ्यातल्या मोठ्या घड्याळाला रोज चावी देणारे, म्हणून ‘चावीवाले’, हे पणजोबा. त्यांचे चिरंजीव, उशिरा आलेल्याला एक मिनिटही माफ न करणारे, म्हणून ‘मिनिटराव’, हे आजोबा. आणि मिनिटरावांचे चिरंजीव, बोलण्यापेक्षा खाकरणे अधिक पसंत करणारे अण्णा, हे वडील. अशा तीन पिढ्यांच्या पाठीवर थोरली जन्मली. तिला भाऊ होता, पण त्याचे हात हातोड्यासाठी घडलेले. म्हणून घराण्याचे भिंग थोरलीच्या डोळ्याला लागले ते लागलेच. आता साठी ओलांडली, केसांचा कापूस झाला, तरी जुने मनगटी घड्याळ कोणत्या कारखान्याचे आणि कोणत्या सालचे, हे विचारायला माणसे लांबून तिच्याकडे येत. ती झाकण उघडी, श्वास रोखून पाही आणि साल सांगे. एकदा सांगितलेले साल तिने कधी मागे घेतले नव्हते.

तिच्या स्वतःच्या मनगटावर आजोबांचे घड्याळ होते. अण्णांच्या जन्माच्या वर्षी मिनिटरावांनी ते कोरे करकरीत घेतले, असे घरात सांगत. घड्याळजींच्या संघाने प्रदर्शन भरवायचे ठरवले, तेव्हा दारातल्या पहिल्या काचेखाली हेच घड्याळ ठेवायचे, यावर सर्वांचे एकमत झाले. संघाचे चिटणीस स्वतः येऊन सांगून गेले, की ताईंनी साल लिहून खाली सही करावी, ताईंच्या सहीपुढे बोलायची कोणाची प्राज्ञा आहे?

अडचण एवढीच होती, की ते घड्याळ थोरलीने कधी उघडलेच नव्हते.

दुकानात दोन नियम होते. पहिला मिनिटरावांचा: एका टेबलावर एका वेळी एकच घड्याळ उघडायचे. दुसरा अण्णांचा: घरचे घड्याळ घरच्या हाताने उघडायचे नाही, परगावच्या कारागिराकडे पाठवायचे, आपल्या माणसावर शस्त्र चालवताना वैद्याचा हात कापतो, तसे हे आहे. थोरलीने दोन्ही नियम डोळे मिटून पाळले. पण न पाहता सही करायची, हे तिच्या रक्तात नव्हते. मोठ्यांचा शब्द मोडायचा की स्वतःचा, असा पेच पडला तेव्हा तिने एक सकाळ येरझाऱ्या घालण्यात घालवली, आणि मग पट्टा सोडून घड्याळ टेबलावर पालथे घातले.

झाकण निघाले. झाकणाच्या आत केसचा, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाचा, क्रमांक कोरलेला होता. तो क्रमांक अण्णांच्या जन्मसालाचाच. थोरली समाधानाने हसली. तिने भिंग खाली झुकवून मशीन पाहिले, आणि हसू जागच्या जागी गोठले.

त्या सालच्या मशीनमध्ये बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे डोलणाऱ्या चाकाच्या, टोकाशी एक इवलीशी स्प्रिंग असते. घड्याळ हातातून पडले तर धक्का ती सोसते. येथे ती नव्हती. नुसता खडा, वर साधी पट्टी. कारखान्याने तसे काम केव्हाच सोडून दिले होते. मशीनवरचा क्रमांक तिने पुन्हा पुन्हा वाचला. माप तेच, कारखाना तोच, पण मशीन केसपेक्षा चांगले दहा-बारा वर्षांनी जुने. मिनिटरावांनी दुकानाची फळी पहिल्यांदा उघडली त्याच्याही आधीचे. म्हणजे अंग एकाचे आणि काळीज दुसऱ्याचे.

शेजारच्या टेबलावर पुतण्या भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक पुसत होता. भावाचा मुलगा, चाळिशीचा, कामात चोख आणि जिभेला तिखट. त्याने विचारले, आत्या, काय गं, आत विंचू निघाला की काय? थोरलीने भिंग आणखी खाली आणले. ती झाकणाच्या आतल्या खुणा पाहत होती.

घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर झाकणाच्या आत सुईने आपली खूण आणि साल बारीक ओढतो. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही. पुढच्या कारागिराला दिसते. या घराण्याची खूण म्हणजे दोन दातांची चावी. झाकणात मिनिटरावांच्या हातची चावी दोनदा होती, अण्णांची एकदा, आणि नंतर परगावच्या कारागिराच्या खुणा. मिनिटरावांच्या पहिल्या खुणेचे साल थोरलीने बोटाने पुसून पुन्हा वाचले. ती तेव्हा शाळेत होती आणि ते वर्ष विसरणे तिला शक्य नव्हते.

त्या वर्षी, रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला, वाद्ये जुळवणारे एक गृहस्थ राहत. सगळे त्यांना ‘सूरवाले’ म्हणत. त्यांच्या गुरूंनी आपल्या हातचे घड्याळ काढून त्यांना दिले होते. ते त्यांनी साफ करायला मिनिटरावांकडे टाकले. परत नेले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन उभे राहिले. म्हणाले, डायल माझी आहे, केस माझी आहे, पण ठोका माझा नाही. माझ्या घड्याळाचा ठोका जाड होता, हा बारीक आहे. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेले. मिनिटराव चष्म्यावरून पाहत म्हणाले होते, “कानाने घड्याळ कळत असतं तर आम्ही भिंगं कशाला घेतली असती? सूरवाले, तुमचा कान गेला.”

लोक हसले. आणि ज्याचे पोट कानावर, त्याचा कान गेल्याची आवई एकदा उठली की ती कोण परत आणणार? हळूहळू वाद्ये दुसरीकडे जुळवायला जाऊ लागली. सूरवाल्यांची धाकटी मुलगी आणि थोरली शाळेत एकाच बाकावर बसत. धाकटीने दप्तर उचलले आणि दुसरा बाक गाठला. त्यानंतर दोघी समोरासमोर राहून म्हाताऱ्या झाल्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत.

आता थोरलीला सारे लख्ख दिसले. त्या दिवशी आजोबांनी दोन घड्याळे एकदमच उघडली होती: गिऱ्हाइकाचे आणि स्वतःचे. दोन्ही एका कारखान्याची, एका मापाची. डायली काढल्या, मशीन धुतली, वाळवली, आणि जोडताना याचे त्यात गेले, त्याचे यात आले. यात लबाडी नव्हती. उलट नवे मशीन सूरवाल्यांकडे गेले होते आणि जुने घरात राहिले होते. पण काही वर्षांनी मिनिटरावांनी हेच झाकण पुन्हा उघडले होते. दुसरी खूण साक्षीला होती. ते मशीन भिंगाखाली आले आणि त्यांना कळले नाही, असे म्हणणे म्हणजे त्यांच्या डोळ्यांचा अपमान. त्यांना कळले, आणि ते गप्प बसले. मग अण्णांना कळले, आणि तेही खाकरून गप्प बसले. ज्या दोन नियमांची ती शिष्यांना फुशारकीने दीक्षा देत आली, त्यांतला एक पश्चात्ताप होता आणि दुसरा पडदा.

तिने पुतण्याला सगळे सांगितले. तो थेट व्यवहाराला लागला. चांगले मशीन आपले गेले, म्हणजे देणे निघालेच तर त्यांच्याकडे निघते, असे त्याचे म्हणणे. वर तो म्हणाला, “आत्या, झाकण लाव. आत कोण डोकावतंय?”

“मी डोकावले ना,” थोरली म्हणाली. “तेवढं पुरे झालं.”

झाकण मात्र तिने लावले, घड्याळ मनगटावर चढवले, आणि पायाला भिंगरी लागल्यासारखी दुकानभर फिरू लागली. चावी दिलेल्या घड्याळांना पुन्हा चावी द्यायला गेली. धार असलेल्या पेचकसाला धार लावली. एका गिऱ्हाइकाला त्याच्या घड्याळाचे साल सांगता सांगता थबकली, आणि उद्या या म्हणाली. असे त्या दुकानात कधी घडले नव्हते. मनगटावरचा ठोका तिला जन्मभर ऐकूच आला नव्हता, आता दुसरे काही ऐकू येईना. खरेच, जाड होता. साल लिहावे तर कोणाचे? केसचे लिहिले तर खोटे, मशीनचे लिहिले तर आजोबा खोटे. संघाच्या पहिल्या काचेखाली घराण्याचे नाक ठेवायचे होते आणि ते कापायची सुरी तिच्याच हातात होती. जेवताना ती अर्ध्या ताटावरून उठली, हात धुतले आणि तडक रस्ता ओलांडला.

धाकटीची कार्यशाळा म्हणजे लाकडाच्या भुशाचा, सरसाचा आणि तारांच्या गुंडाळ्यांचा पसारा. ती एका वाद्याची खुंटी घासत बसली होती. तिने मान वर केली आणि खाली घातली. हात थांबले नाहीत.

“रस्ता चुकलीस की काय?” ती म्हणाली.

“चुकलाच होता. आता सापडला,” थोरली म्हणाली. “काकांचं घड्याळ आहे का गं?”

धाकटीने हातातल्या कानसेने भिंतीकडे खूण केली. खिळ्याला घड्याळ टांगलेले होते, धुळीने पांढरे. वडिलांनी ते पुन्हा कधी मनगटाला बांधले नाही. दुसऱ्याचे काळीज आपल्या हातावर कशाला, असे म्हणत. थोरलीने उघडायची परवानगी मागितली. धाकटीने खांदे उडवले. थोरलीने झाकण काढले. बॅलन्सच्या टोकाशी ती इवलीशी स्प्रिंग होती. क्रमांक अण्णांच्या जन्मसालाचा होता. संशयाला तिळाएवढीही जागा उरली नाही.

थोरलीने सारे जसेच्या तसे सांगितले, आजोबांना न झाकता आणि अण्णांना न वगळता. मशीन आत्ताच्या आत्ता बदलून देते म्हणाली. धाकटीची कानस तेव्हा कोठे थांबली.

“इथे बदलून काय उपयोग? इथे कोण आहे ऐकायला, हा भुसा?” ती म्हणाली. “जिथे बोललं गेलं, तिथेच ते परत घ्यायला हवं. आणि तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही, असा शब्द मी बाबांना दिलाय. आता तूच बघ.”

थोरली परतली ती चालत नव्हती, जवळजवळ धावत होती. तिने पुतण्याला हुकूम सोडला, की उद्या सकाळी टेबल बाहेर काढायचे, थेट फुटपाथवर. तो म्हणाला की चिटणीस घड्याळ न्यायला उद्याच सकाळी येणार आहेत, दहाजण असतील, शोभा होईल. थोरलीने त्याच्याकडे असे पाहिले, की त्याने टेबलाचा एक पाय लगेचच उचलून पाहिला.

सकाळी मिनिटरावांचे जुने टेबल पायरीखाली आले. चिटणीस आले, त्यांच्यामागे संघाचे कारागीर आले, नेहमीची गिऱ्हाइके थबकली, समोरचे दुकानदार काम टाकून उभे राहिले. धाकटी वडिलांचे घड्याळ घेऊन रस्ता ओलांडून आली, ते ठेवून टेबलाच्या पलीकडे, रस्त्यावरच, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

थोरलीने दोन्ही घड्याळे शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्ही उघडली. एका टेबलावर दोन घड्याळे पाहून जुन्या कारागिरांच्या भुवया चढल्या. पुतण्या पुटपुटला, नियम मोडला. तिने ऐकले न ऐकल्यासारखे केले. तिने चिमटा उचलला. दोन्ही मशीन बाहेर निघाली, डायली सुटल्या, काटे उतरले. गुरूंनी दिलेले काळीज गुरूंच्या केसमध्ये गेले. मिनिटरावांचे मिनिटरावांकडे आले. झाकणे लावण्याआधी तिने दोन्हींच्या आत दोन दातांची चावी ओढली, आणि खाली चालू साल.

मग ती उठून उभी राहिली. दुकानात ज्या आवाजाने ती चुकलेल्या शिष्याला हाक मारी, त्याच आवाजात बोलली.

“माझ्या आजोबांनी याच टेबलावरून सूरवाल्यांना सांगितलं होतं, की तुमचा कान गेला. तो गेला नव्हता. मशीन आमच्याच हातून बदललं होतं. आजोबांना ते नंतर कळलं, माझ्या वडिलांनाही कळलं, आणि दोघे बोलले नाहीत. कान खरा होता. भिंग खोटं बोललं. त्यांचा शब्द मी आज परत घेते.”

कोणी हसले नाही. चिटणिसांनी टोपी काढली आणि तिचे काय करावे ते न कळून पुन्हा घातली.

धाकटीने घड्याळाला स्वतः चावी दिली आणि ते कानाशी धरले. तिचे डोळे मिटले. रस्ता जणू तिच्यासाठी थांबून राहिला. मग तिने ते मनगटाला बांधले. पट्टा कडक झाला होता, थोरलीने पुढे होऊन बकल लावून दिले.

“जाड आहे,” धाकटी म्हणाली. “बाबा म्हणायचे तसाच.”

तिने पायरीकडे पाहिले, थोरलीकडे पाहिले, आणि पदर सावरून पायरी चढली.

“फिटलं गं,” ती वरून म्हणाली. “आता आत ये आणि पाणी दे. उन्हात उभं केलंस मला.”