आता तुमीच वर

दुष्काळाच्या त्या वर्षी पाटोद्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका मंजुळाबाई साळवे पार गोंधळून गेल्या. शाळेची वेळ, सुट्ट्या, मैदान, सगळं आता मुख्याध्यापकांनीच ठरवायचं, असा नवा हुकूम आला होता. बाईंनी उभी नोकरी वरच्या हुकमावर काढलेली. फळा रंगवायचा तरी विचारून.

एरवी निरोप धाडून बोलावणारे दूध सोसायटीचे चेअरमन सुंदरराव दुसऱ्याच दिवशी स्वतः शाळेत आले.

"बाई, सोसायटीला चारा छावणी मंजूर झाली. जनावरांना तुमचं मैदान द्या. बोअरला पाणीबी हाय."

"वर विचारून सांगते," बाई सवयीनं बोलल्या.

"वर कशाला? आता तुमीच वर!"

बाईंनी तरी तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी साहेबांना फोन लावलाच. "अधिकार दिलाय ना? वापरा की!" साहेब म्हणाले.

"आणि चुकलं तर?"

"तर जबाबदारी तुमची." फोन बंद.

तेवढ्यात गावातली साखराबाई आली. "बाई, छावणी हितंच होऊ द्या. न्हाईतर माझी पोरगी लांबच्या छावणीत गुरांमागं जाईल. शाळा सुटंल तिची."

खिचडी शिजवणाऱ्या रतनबाईनं ते ऐकलं. "आन् बोअर आटला तर? लेकरांची खिचडी कशात शिजवू?"

दोघींचंही खरं होतं. बाईंना जेवण गोड लागेना. शेवटी त्यांनी सुंदररावांना सांगितलं, "मैदान घ्या. पाणी मात्र सोसायटीनं टँकरनं आणायचं." सुंदरराव कुरकुरले, पण कबूल झाले.

छावणी लागली. साखराबाईची पोरगी शाळेतच राहिली, गुरांमागं गेलेली आणखी पोरंही परत आली. पण शेणाचा वास सुटला, माशा झाल्या, पहिलीची लेकरं सारखी खोकू लागली. एका दुपारी टँकर आलाच नाही. गुरं हंबरायला लागली, तशी बाईंनीच जाऊन बोअर चालू केला. रतनबाई त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

मग साहेब तपासणीला आले. दावणीकडं बघत म्हणाले, "हे कुणाच्या परवानगीनं?"

"माझ्याच," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या.

रागवावं की शाबासकी द्यावी, साहेबांनाही कळेना. रुमालानं माशा वारत त्यांनी विचारलं, "बरं, पुढं काय करणार?"

"खरं सांगू, साहेब? अजून काही सुचत नाही," बाई म्हणाल्या आणि खोकणाऱ्या लेकरांना घेऊन मागच्या खोलीत बसवायला निघाल्या.