साइटवर कोण असायचं

अपिलाच्या दिवशी दादा इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाला, तेव्हाच माझं डोकं सणकलं.

"कशाला आलास? जिने चढायचेत तिथे."

"असू देत," तो म्हणाला. झालं संभाषण.

आमच्या घरात हे असंच. कुणी कुणाला काही विचारायचं नाही, मागायचं तर त्याहून नाही. समोरच्याने ओळखून घ्यायचं. भाजीत मीठ कमी पडलं की आईला ते वडिलांच्या चेहऱ्यावरून कळायचं, आणि आईचं बिनसलं की वडिलांना भांड्यांच्या आवाजावरून. बांधकामावर तर ही सवय आमच्या फारच कामी आली. दादाने नुसती मान तिरकी केली की मी समजायचे, भिंत ओळंब्यात नाही. गवंडी म्हणायचे, ही बहीणभावंडं मुकी आहेत की काय!

मग दादाची कंबर गेली. तो घरी बसला आणि पाया, सळया, स्लॅब, शिवाय घरमालकांचे नखरे, सगळं माझ्या गळ्यात आलं. ठेकेदारीचा परवाना मात्र त्याचा, कागदांवर सह्या त्याच्या. शेवटी मी माझ्या नावाने परवाना मागितला, तर तो नामंजूर. का, तर माझा अनुभव मदतनिसाचा आहे, जबाबदारीचा नाही. मदतनीस! मी उभ्या केलेल्या घरांत माणसं सुखाने घोरताहेत आणि मी म्हणे मदतनीस. तावातावाने अपील ठोकलं.

सुनावणी घेणाऱ्या बाई सरळ स्वभावाच्या निघाल्या, रागवायलाही जागा ठेवली नाही त्यांनी. कागद बाजूला सारून म्हणाल्या, "मला एवढंच सांगा. काम चालू असताना साइटवर हे असायचे, की सगळं तुम्ही एकट्या बघायचात? एकट्या बघत असाल, तर तो अनुभव मी धरू शकते."

"आणि दादाचं काय?"

"साइटवर न येता सह्या केल्या असतील, तर त्यांचा परवाना रद्द होईल. ते मला टाळता येणार नाही."

मी दादाकडे पाहिलं. तो मान खाली घालून बोटं चोळत होता. घाबरलाय बिचारा, मी ओळखलं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्याने स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती. त्याने तोंड उघडलं, पण त्याआधीच मी बोलून मोकळी झाले.

"रोज यायचा. सगळं तोच ठरवायचा. मी आपली हाताखाली."

"नक्की?" बाईंनी विचारलं.

"नक्की."

अपील फेटाळलं गेलं.

बाहेर आल्यावर दादा भिंतीला टेकला. "हे काय केलंस?"

"तुझा परवाना वाचवला."

"मला काय करायचाय तो? मी खरं सांगायला आलो होतो. माझा गेला असता, तुझा आला असता."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"मला वाटलं, तुला कळलंय."

मला रडूच फुटलं. त्याच्यावर चिडले, त्याहून जास्त स्वतःवर. एक प्रश्न विचारला असता घरी, तर काय जीभ झिजली असती? आता परत आत जाऊन शब्द फिरवायचा, तर खोटं बोलले हे कबूल करायचं. मग दोघांचंही गेलं. मी डोळे पुसले, पण पाणी थांबेना.

दादाने कंबरेवर हात ठेवून स्वतःला सरळ केलं. "उद्याचा स्लॅब सकाळीच ना?"

"हो. तुझं काय काम तिथे?"

"रोज येतो म्हणून सांगितलंस ना त्यांना? बघायला माणूस पाठवतील. आता यावंच लागेल."

"तिसऱ्या मजल्याचा स्लॅब आहे रे."

"माहीत आहे. सही माझीच आहे," तो म्हणाला आणि कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागला.